चिंचेने धुतलेला बिल्ला

अण्णा,

तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. माइक माझ्याकडे आला, मी उभा राहिलो, "अण्णा गेले, मला काही सुचत नाही," एवढंच म्हणालो आणि बसलो. त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली ती तुमच्यापेक्षा माझ्यासाठीच जास्त होती. हुबळी-धारवाडात आजवर मी हातात आलेला माइक असा लगेच परत दिलेला नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "दत्तूनं फार मनाला लावून घेतलंय." बाहेर पडताना चौघांनी खांद्यावर हात ठेवला. मी मान खाली घालून चारही हात घेतले. नट आहे मी, अण्णा. मिळालेली दाद नाकारायची सवय नाही.

पण मान खाली गेली होती ती लाजेनं. त्या सभेत तुमच्या फोटोशेजारी टेबलावर तुमची निवडक नाणी मांडली होती, आणि मधोमध, सगळ्यांत चकचकीत, तो पितळी बिल्ला. माझा बिल्ला, असं लोक म्हणतात. गदेचा बिल्ला. सूत्रसंचालकानं तर सांगूनही टाकलं, "याची गोष्ट दत्तूभाऊंच्या तोंडूनच ऐकावी." समोर पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. मला पुढचा शब्द आठवेना.

तर आता सांगतो. सगळं सुरुवातीपासून सांगतो, कारण मधूनच सांगायला घेतलं की मी माझ्या सोयीचं सांगतो, हे तुमचंच निरीक्षण.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या भांड्यांच्या दुकानात आलात तेव्हा गिऱ्हाईक समजून मी माझा सगळा खेळ तुमच्यावर वाया घालवला होता. तांब्याची कळशी बोटानं वाजवून दाखवली, तिच्या आवाजावरून घडवणाऱ्याचं गाव ओळखून दाखवलं, आमचे पणजोबा सांगलीकडून हुबळीला डोक्यावर हंडे घेऊन चालत आले तेही सांगितलं. (बैलगाडीनं आले होते.) तुम्ही पांढराशुभ्र शर्ट, बोटांना खडूचा रंग, शांतपणे सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मोडीचा डबा बघू का?"

लोक जुनी, चेपलेली भांडी देऊन नवी नेतात. ती जुनी वितळवायला जाईपर्यंत ज्या पत्र्याच्या डब्यात पडून असतात, तो आमचा मोडीचा डबा. कुणाच्या घरातली म्हातारी गेली की तिची पेटी त्यात उपडी होते. कडी, कुलपं, समईच्या वाती ओढायच्या काड्या, आणि तळाशी नाणी. आमच्या तीन पिढ्यांनी ती नाणी कळशीच्या पोटात वितळवून घातली असतील. तुम्ही जमिनीवर उकिडवे बसलात आणि त्यातून एक काळा तुकडा उचललात.

"हा वितळवू नका."

"का? सोन्याचा आहे की काय?"

"नाही. शिवराई आहे. हे बघा, 'छत्र' झिजलंय, 'पति' उरलंय."

मी तो तुमच्या हातातून घेतला आणि लगेच शर्टाच्या टोकानं घासायला लागलो. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमच्यासारखा मवाळ माणूस एवढं घट्ट धरू शकतो याचं मला नवल वाटलं होतं.

"तो मळ नव्हे," तुम्ही म्हणालात. "ती त्याची कातडी आहे. सोलली की खालचं अक्षरही जातं."

अण्णा, हे वाक्य मी पुढे कितीतरी सभांमधून सांगितलं. तुमचा आवाज काढून, मनगट धरून. लोकांना फार आवडायचं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

त्यानंतर दर शनिवारी तुम्ही दुकानात आणि दर रविवारी मी धारवाडात, सप्तापूरला, तुमच्या माडीवरच्या खोलीत. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या कागदांची तुम्ही छोटी पाकिटं करायचात. प्रत्येक पाकिटात एक नाणं. पाकिटावर पाच ओळी, कायम पेन्सिलीनं. कुठे मिळाले. कोणाकडून. काय दिसते. काय माहीत आहे. काय माहीत नाही. बहुतेक पाकिटांवर शेवटची ओळ सगळ्यांत लांब असायची. मी एकदा विचारलं, पेन का वापरत नाही? तुम्ही म्हणालात, "उद्या कुणाला माझ्यापेक्षा जास्त कळलं तर त्याला खोडता यावं."

मला त्या शेवटच्या ओळीचा राग यायचा. तुमच्याकडे एवढा माल, आणि बाजारात पाटी कसली, तर 'माहीत नाही'. आठवतं, तुम्ही मला कंपनीच्या काळातला तांब्याचा पैसा दाखवला होता, ज्यावर तराजू आहे? मी पाच मिनिटांत गोष्ट उभी केली. समुद्रापलीकडून दुकानदार आला, राजा झाला, पण हात तराजूवरच राहिला, म्हणून नाण्यावर सिंह न काढता तराजू काढला. वहिनी चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या ऐकत. तुम्ही भिंग पुढे केलंत.

"दोन पारड्यांच्या मध्ये बघ. काय लिहिलंय?"

"फारसी आहे. मला कुठं येतं?"

"'अदल' लिहिलंय. न्याय. म्हणजे तराजू न्यायाचा. निदान त्यांचं म्हणणं तसं."

"माझं म्हणणं जास्त चांगलं आहे."

"चांगलं आहेच की," तुम्ही म्हणालात. "खरंही असतं तर किती बरं झालं असतं."

आणि तुम्ही हसलात. आपलं सगळं भांडण त्या काळात असंच असायचं, चहाच्या कपाएवढं. मी फुगवायचो, तुम्ही टाचणी लावायचात, वहिनी म्हणायच्या, "अहो, सांगू द्या की त्याला, रविवार आहे." बिल्ल्यांबद्दल तुम्ही एकदा जे सांगितलंत ते मात्र मी नीट ऐकलं नाही. आज शब्दन् शब्द आठवतोय. तुम्ही म्हणालात, नाण्यावरचं चित्र राजा ठरवतो, म्हणून त्यात देव, हत्ती, मुकुट. बिल्ल्यावरचं चित्र ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी असतं, म्हणून त्यावर रोजच्या हातातली वस्तू असते. सायकल, किल्ली, चपला. "बिल्ला समजायचा असेल," तुम्ही म्हणालात, "तर आधी स्वयंपाकघरात आणि दारात बघावं, दरबारात नंतर."

तो बिल्ला आमच्याच मोडीच्या डब्यात निघाला. रुपयाहून थोडा मोठा, पितळेचा, काळा ठिक्कर, कडेला भोक. त्यावर एक गोल होतं आणि गोलाला लांब दांडा. मी बघताक्षणी म्हणालो, "गदा."

"काहीतरी गोल आहे, आणि दांडा आहे," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे गदाच."

"म्हणजे गोल आणि दांडा," म्हणत तुम्ही तो रुमालात बांधलात.

काही महिन्यांनी आपल्या नाणीवाल्या मंडळींचं धारवाडात प्रदर्शन ठरलं. दोन दिवस, एका शाळेच्या हॉलमध्ये. समारोपाला माझं बोलणं. मी तुमच्याकडून बोलण्यासाठी म्हणून दहा नाणी मागून नेली, त्यांत तो बिल्लाही; पाकिटं तुमच्याकडेच राहिली. आदल्या दिवशी दुकानात बसून तालीम करताना लक्षात आलं की दहाव्या रांगेतल्या माणसाला हा काळा तुकडा दिसणारच नाही. अण्णा, आमच्या घरात काळं पडलेलं पितळ ठेवणं म्हणजे बेअब्रू. आमच्या आईनं आयुष्यभर देवापेक्षा देवाच्या उपकरणांकडे जास्त लक्ष दिलं. पितळ म्हटलं की आमचा हात आपोआप चिंचेकडे जातो. मी चिंच भिजवली. मीठ घातलं. काथ्यानं घासलं. आणि एवढं करून गदा हवी तशी चमकेना, तेव्हा मागे जाऊन तो पॉलिशच्या चाकाला लावला. अर्धा मिनिटही नाही. कळशीला आम्ही चार मिनिटं लावतो.

केवढा झळकला. मला खरंच वाटलं, तुम्ही खूश व्हाल. हे खोटं आहे. मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही. हेही खोटं आहे. तुमचा विचारच मनात आला नाही, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो. बोलण्यापूर्वी मी श्रोत्यांतला एक चेहरा पकडतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी दुसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, पटका बांधलेले, दोन्ही हात काठीवर. मी, आपल्याकडे वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं, वरूनच विचारलं, "यजमान, कुठून आलात?" ते म्हणाले, "कलघटगी." बस्स. मला गाव मिळालं.

आणि मग मी बिल्ला उंच धरला आणि सांगितलं की एका संस्थानाच्या दसऱ्याला कलघटगीकडच्या एका गरीब पैलवानानं दरबारी पैलवानाला चीत केलं. राजानं विचारलं, काय हवं? पैलवान म्हणाला, मला काही नको, पण हरलेल्याचा खुराक बंद करू नका. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं एकच, फक्त एकच बिल्ला पाडून घेतला, गदेचा. संस्थानाचं नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं की लोक शोधायला जातात, एवढं कसब माझ्याकडे होतं. मी सांगताना त्या म्हाताऱ्यांकडे बघत होतो. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा मी आवाज आणखी खाली आणला.

टाळ्या संपल्यावर ते स्टेजपाशी आले. नाव शिवप्पा. कानडीत बोलत होते, मी मराठीतच सांगतो. म्हणाले, "माझे अज्जा पैलवान होते. कलघटगीत दुसरा कोण असणार? त्यांची एकही वस्तू आमच्याकडे नाही." त्यांनी बिल्ला दोन्ही हातांनी घेतला आणि डोळ्यांना लावला.

तिथे मला थांबता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की यजमान, ही गोष्ट आहे. मी म्हणालो, "म्हणजे तेच असणार."

तुम्ही हॉलच्या मागच्या दाराशी उभे होतात. सगळे गेल्यावर मी तुमच्या हातात बिल्ला दिला. तुम्ही तो कडेनं धरलात, उलटा केलात, सुलटा केलात. नाकाशी नेलात.

"चिंच," तुम्ही म्हणालात.

एवढंच. खिशातून पाकीट काढलंत, बिल्ला आत ठेवलात, पाकीट खिशात. मी बडबडत होतो, लोकांना कसं आवडलं, कोण काय म्हणालं. तुम्ही म्हणालात, "चल, वहिनी वाट बघत असेल." त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडला असता तर मी तुमच्याशी भांडलो असतो, आणि कदाचित भांडता भांडता शहाणा झालो असतो.

पुढे ती गोष्ट माझी झाली. बेळगावात सांगितली, गदगला सांगितली, लग्नांत सांगितली. दर वेळी ती थोडी वाढली. तुम्ही अनेकदा समोर असायचात, पहिल्या-दुसऱ्या रांगेत, मांडीवर हात. तुम्ही टाळी वाजवायचात का, हे मी कधी पाहिलं नाही. मुद्दाम.

इकडे शिवप्पा बसनं सप्तापूरला यायला लागले. त्यांना काहीच नको होतं, फक्त एक ओळ लिहून हवी होती: हा बिल्ला कलघटगीच्या निंगप्पा पैलवानांचा. खाली तुमची सही. तुम्ही जाणकार, तुमची सही म्हणजे गावाच्या तालमीत, त्यांच्या गरडीमनेत, चौकट करून लावता येईल. तुम्ही त्यांना बसवायचात, चहा द्यायचात, तासन् तास बोलायचात, आणि ओळ लिहून द्यायचा नाहीत. खोटं आहे असंही सांगायचा नाहीत. मला हे वहिनींकडून कळलं आणि मी पेटलो.

आपलं ते भांडण हुबळीहून धारवाडला येणाऱ्या बसमध्ये झालं. तुम्ही खिडकीशी, मी शेजारी, आणि माझा आवाज सगळ्या बसला ऐकू जाणारा.

"म्हाताऱ्या माणसाला एक ओळ देताना तुमचं काय जातं, अण्णा?"

"गोत्तिल्ल," तुम्ही म्हणालात. माहीत नाही. बसमध्ये, लोकांत, तुम्ही कानडीवर यायचात. "मला माहीत नाही ते मी लिहीत नाही."

"त्याचं मन मोडतंय."

"ते मोडायला नको असेल तर तू जा त्यांच्याकडे. गोष्ट तुझी आहे. सांग ना गोष्ट, कोण नको म्हणतंय? पण गोष्ट आहे म्हणून सांग."

मग मी ते बोललो. सगळ्या बसनं ऐकलं, तुम्ही एकट्यानंच ऐकलं नाही असं दाखवलंत. मी म्हणालो, "अण्णा, तुमच्या पाकिटांत नाणी मरून पडलीत. मी त्यांना जिवंत करतो ते तुम्हाला बघवत नाही. तुम्हाला माझा हेवा वाटतो."

रायापूर आलं. तुम्ही उठलात, "बाजूला हो जरा," म्हणालात आणि उतरलात. तुमचा थांबा तो नव्हता. बस सुटली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तुम्ही थांब्यावर पिशवी सावरत मागची बस येते का बघत होतात.

पुढच्या शनिवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्याही. मोडीच्या डब्यात काही निघालं की मी ते चहाच्या रिकाम्या डब्यात टाकून ठेवत गेलो. तुम्ही याल म्हणून, असं तेव्हा मी स्वतःलाही कबूल केलं नाही. सात महिन्यांत डबा निम्मा भरला. त्यात एक तराजूवाला पैसाही आहे, अण्णा, 'अदल' स्पष्ट दिसतंय. मी त्याला हात लावलेला नाही. फोन करायचं मात्र रोज उद्यावर टाकलं, आणि मग एका सकाळी वहिनींच्या भावाचाच फोन आला.

शोकसभेनंतर वहिनींनी मला घरी बोलावलं. खोली तशीच. त्यांनी टेबलाच्या खणातून दोन पाकिटं काढली. म्हणाल्या, "ह्यांनी वेगळी काढून ठेवली होती. दत्तू आला की दे म्हणाले होते. मी म्हटलं, तुम्हीच द्या की. तर म्हणाले, तो येऊ दे आधी."

पहिल्या पाकिटात बिल्ला होता. सभेत मांडायला काढलेला, वहिनींनी परत ठेवलेला. त्याच्यामागे घडी घातलेला एक पातळ कागद. तुमचे हात लागून लागून घडी मऊ झालेली. इतकी वर्षं तुमची पाकिटं हाताळली, पण आतला कागद मी कधी उघडला नव्हता. मला नाणं हवं असायचं. बिल्ला मिळाला त्याच दिवशी तुम्ही त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती, शाळेत मुलांना पानाचा ठसा घ्यायला शिकवायचात तशी. त्या करड्या ठशात गोल आहे. पण गोलाला एका बाजूला ओठ आहे, ओतायला. दांडा टोकाला वळलाय, टांगायला. आणि कडेनं, काळ्या थराखाली डोळ्यांना न दिसणारी, हातानं ठोकलेली दोन कानडी अक्षरं. ऊट. जेवण.

गदा नव्हे, अण्णा. पळी. कुठल्याशा खाणावळीचा एका जेवणाचा बिल्ला. आणि तो आमच्या दुकानात, माझ्या हातात होता, मी भांडी विकणारा, रोज दहा पळ्या गिऱ्हाइकाला दाखवणारा. मी पाकिटातला बिल्ला उजेडात धरला. अक्षरं नाहीत. पळीचा ओठ नाही. चाकानं सगळं गुळगुळीत करून नुसती एक चकचकीत गदा ठेवली आहे, मला हवी तशी.

पाकिटावर तुमच्या पेन्सिलीनं: कुठे मिळाले, दत्तूच्या दुकानात, मोडीचा डबा. काय माहीत आहे: जेवणाचा बिल्ला असावा. काय माहीत नाही: कोणती खाणावळ; खात्री नाही.

खात्री नाही. तुमच्या हातात ठसा होता आणि तुम्ही लिहिता, खात्री नाही. मी समोर उभा राहून राजाच्या डोळ्यांत पाणी आणत होतो तेव्हा हा कागद तुमच्या घरात होता. कुठल्याही सभेत तुम्ही तो नुसता उलगडला असता तर मी संपलो असतो. तुम्ही मांडीवर हात ठेवून बसून राहिलात. आणि मी तुम्हाला म्हणालो, हेवा.

दुसरं पाकीट रिकामं होतं. मी ते तीनदा उलटं करून बघितलं. वहिनी म्हणाल्या, "त्यात काही नाहीच. वाच ना वरचं."

वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कलघटगीला गेलो.

शिवप्पा ओसरीत बसले होते. मला बघून उठायला लागले. "बर्री, बर्री," म्हणत चटई झटकली, आणि पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडे सगळे विचारतात तोच, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का. मी वाटेत तयार केलेलं सगळं भाषण तिथंच गळालं. मी त्यांच्या हातात ठसा दिला. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि दोन अक्षरं मोठ्यानं वाचली.

"आणि हे? गदा ना?"

"पळी," मी म्हणालो.

"सौटु?"

"हो. खाणावळीतली. तुमच्या अज्जांची गोष्ट मी रचली होती. तुम्ही कलघटगी म्हणालात म्हणून कलघटगीची रचली. अण्णांना पहिल्यापासून शंका होती. म्हणून ते लिहून देत नव्हते."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग ते काठी घेऊन उठले, "या," म्हणाले आणि मला तालमीत घेऊन गेले. आत भिंतीवर, मारुतीच्या कोनाड्याशेजारी, रंगाऱ्याकडून काढून घेतलेला तो बिल्ला होता. परातीएवढा. पिवळाधमक, मधोमध गदा, खाली निंगप्पांचं नाव.

"त्या दिवशी धारवाडात जसं उभं राहून सांगितलंत," शिवप्पा म्हणाले, "तसंच आता इथं सांगा. मला एकट्याला सांगून चालणार नाही. मी सगळ्यांना सांगून बसलोय."

त्यांनी माणसं गोळा केली. दहा-बारा असतील, बहुतेक म्हातारे. मी भिंतीकडे पाठ करून उभा राहिलो. आवाज खाली आणायला गेलो, तो आपोआपच खाली गेला. चिंच सांगितली. चाक सांगितलं. हॉलमध्ये थांबता आलं असतं ते सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकानं मध्येच विचारलं, "म्हणजे राजाही नव्हता?" मी म्हणालो, राजाही नव्हता. अण्णा, मी खूप रिकाम्या खुर्च्यांपुढे बोललोय, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मग मी शिवप्पांना दुसरं पाकीट दिलं. तुम्ही चहा पाजून तासन् तास काय बोलायचात ते त्यावर होतं, तुमच्या बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी. मराठी त्यांना वाचता येईना, म्हणून मी एकेक ओळ कानडीत करून वाचली, काही न घालता.

कुठे मिळाले: सप्तापूर, घरी, चार भेटींत. कोणाकडून: नातू शिवप्पा. काय दिसते: फोटो नाही. काय माहीत आहे: निंगप्पा, कलघटगी. कुस्ती खेळत. डावा कान मोडलेला. ताक असल्याशिवाय पानावर बसत नसत. हरलेल्या कुस्त्याही घरी येऊन सांगत. काय माहीत नाही: बक्षीस मिळाले होते का.

हरलेल्या कुस्त्यांच्या ओळीला कोपऱ्यात बसलेले एक फार म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हौदु. सांगायचे. कसा पडलो ते करून दाखवायचे." आणि शिवप्पांनी मान हलवली. त्यांनी रिकामं पाकीट माझ्याकडून घेतलं, घडी न पाडता पटक्यात ठेवलं. ठसा मला परत दिला.

त्यांनी मला माफ केलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. निघताना आपल्याकडे जाणाऱ्याला "होगि बर्री" म्हणतात, जाऊन या. ते म्हणाले, "बस साडेचारला आहे." भिंतीवरची गदा मी निघालो तेव्हा तशीच होती. तिचं काय करायचं ते ती माणसं ठरवतील.

काल वहिनींना विचारून ते पहिलं पाकीट मी घरी आणलं. नाण्यांनी निम्मा भरलेला तो चहाचा डबा तुमच्या खोलीत ठेवून आलो, आतलं सगळं काळंच, न घासलेलं. वहिनी म्हणाल्या, "आता ह्याची पाकिटं कोण करणार?" मी म्हणालो, येत जाईन रविवारी. त्या म्हणाल्या, "ये. पण कमी बोल."

तुमच्या पाच ओळींखाली पाकिटावर थोडी जागा होती. तिथे मी सहावी ओळ लिहिली आहे: चिंचेने धुतले, चाकाला लावले, अक्षरे गेली. दत्तू. ही तुमच्या पद्धतीत बसत नाही, मला माहीत आहे, पण पेन्सिल बाजूला ठेवून मी ती पेनानं लिहिली. यात कुणाला माझ्यापेक्षा जास्त कळण्यासारखं काही नाही.